डावा हात

आधी बांगड्या काढाव्या लागतात.
काचेच्या असतील तर साबण देते मी,
नळाखाली मनगट धरते, म्हणते, सैल सोडा.
सैल सोडत नाही कुणी.

भांडुपच्या पालिका रुग्णालयात, तळमजल्यावर,
ड्रेसिंगच्या खोलीपलीकडे माझी एक्स-रेची खोली.
एकोणीस वर्षं.
केसपेपरावर कारण लिहूनच येतं:
मोरीत घसरली. माळ्यावरून पडली.
पाण्याचं पिंप लागलं.
एकदा लिहिलं होतं, दार.
नुसतं दार.

मी कारण वाचत नाही, हाड वाचते.
घसरलेलं माणूस हात टेकतं,
त्याचं मोडतं मनगटाशी.
हे मधेच मोडलेलं, करंगळीच्या बाजूचं,
आडवं, काडी मोडावी तसं.
हात कपाळापुढे धरला की हे मोडतं.
बहुतेक वेळा डावा.
प्लेटच्या कोपऱ्यात ठेवायला
शिशाची दोन अक्षरं असतात माझ्याकडे,
एक डाव्याचं, एक उजव्याचं.
डाव्याचं झिजलंय.

आणि खाली कधी कधी
जुन्या मोडीवर धरलेली गाठ दिसते, पांढरी,
जिचा केसपेपर कुठेच नाही.

चाळीतल्याच मोऱ्या निसरड्या असतात असं नाही.
पवईच्या एकविसाव्या मजल्यावरून एक आली होती
रात्री अडीचला, रिक्षानं.
त्यांचा डॉक्टर नवऱ्याच्या क्लबातला, म्हणून इतक्या लांब.
गॉगल काढा म्हटलं तर म्हणाली,
फोटो हाताचाच आहे ना?

बाहेर बाकावर तो बसलेला असतो.
कुणी टोकन सांभाळतो, कुणी तिची पर्स.
एकानं मला विचारलं, ताई, दुखेल का हो तिला?
खोटं नव्हतं ते. खरीच काळजी होती.
मला अजून तिचीच भीती वाटते.

हौसा तांडेल तिसऱ्यांदा आली तेव्हा बरगडी होती.
श्वास घ्या, म्हटलं. रोखा.
काचेमागे जाऊन बटण दाबलं.
सोडा.
तिनं सोडला नाही.
अहो सोडा आता, झालं.
तेव्हा त्या गार पत्र्याला छाती लावूनच ती बोलली,
पिंप नव्हतं, बाई.
आमच्याकडे पिंपच नाही.

मी डॉक्टरांना बोलावलं. हवालदार आला, वही उघडली,
विचारलं, लिहू ना? नक्की लिहू?
मागाहून मोडता घालाल, म्हणाला.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा
ती बाकाकडे बघत होती.
वही मिटली.

जाताना फिल्मचं पाकीट माझ्या हातात परत दिलं.
घरी नेलं तर शेगडीवर धरेल तो. तुमच्याकडे राहू दे.
नियमात बसत नाही हे.
मी नेलं. कपाटात, साड्यांच्या खाली, आडवं ठेवलं.
मग आणखी कुणाचं. मग आणखी.
आता सहा आहेत.
आमचे हे एकदा म्हणाले, काय दडवतेस तिथं?
ऑफिसचं, म्हटलं.
आवाज चढवला नव्हता त्यांनी,
तरी माझे हात पदराआड गेले.

अकरा महिन्यांनी हौसा घरी आली,
पत्ता शोधत, हातात पापलेटची पिशवी.
वकीलबाईंनी मागितलाय, म्हणाली.
स्वतःचं हाड तिनं कधी पाहिलंच नव्हतं.
स्वयंपाकघराच्या खिडकीशी आम्ही दोघी उभ्या राहिलो,
फिल्म उजेडात धरून.
मी बोट ठेवलं. ही बघ. इथं.
ती बराच वेळ बघत राहिली,
डोळे बारीक करून, जवळ नेऊन.
मग म्हणाली,
एवढीशीच?

मला काही सुचलं नाही.
पाकिटात घालताना एवढंच सांगितलं,
घडी घालू नकोस हिची.
नाहीतर म्हणतील, ही तर घडीचीच रेघ.